नळ सोडून गोळी घेणाऱ्यांसाठी: एडीएचडी आणि मानसिक आजाराची लाज कशी कमी करायची

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि काम तडीस नेणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या विकाराचं, निदान झालं तेव्हा मी ३४ वर्षांची होते आणि त्यानंतरचे आठ महिने मी रोज सकाळची गोळी बाथरूममध्ये जाऊन घेतली. स्ट्रिप चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवायचे. आत गेलं की कडी लावायची, नळ पूर्ण सोडायचा आणि मगच गोळी काढायची, कारण त्या चंदेरी कागदाचा चर्र आवाज बाहेर गेला आणि कुणी विचारलं की कसली गोळी गं, तर काय सांगायचं हे मला माहीत नव्हतं. रिकाम्या स्ट्रिप पण घरच्या कचऱ्यात टाकायचे नाही, पर्समधून बाहेर नेऊन टाकायचे.

आता मागे वळून बघितलं की एक गोष्ट लख्ख दिसते. त्या आठ महिन्यांत मला कुणी एक वाईट शब्द बोललं नव्हतं, बोलणार कसं, कुणाला माहीतच नव्हतं. ज्या बोलण्याची मला भीती होती ते सगळं मीच मला आधी बोलून ठेवलं होतं. म्हणून हे लिहिताना मी समाजापासून सुरुवात करणार नाहीये. आधी स्वतःपासून, मग एका माणसापासून, मग घर, मग ऑफिस, या क्रमाने गेलं तर झेपतं असा माझा अनुभव आहे. उलट्या क्रमाने मी एकदा करून बघितलं, त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

आधी आपल्या डोक्यातली वही साफ करा

या विषयावर कित्येक वर्षं काम केलेले पॅट्रिक कॉरिगन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, ते बाहेरचा कलंक आणि आतला कलंक असे दोन वेगळे धरतात. बाहेरचा म्हणजे लोक काय म्हणतात, कसे वागतात, नोकरी देतात की नाही. आतला म्हणजे तेच सगळं आपण खरं मानून घेतो. आणि आतला जास्त नुकसान करतो कारण त्यातून 'मग प्रयत्न तरी कशाला करायचा' ही अवस्था येते, माणूस अर्ज भरत नाही, डॉक्टरकडे जात नाही, मैत्री पण करत नाही. लोकांना त्याला नाही म्हणायची वेळच येत नाही, त्याने आधीच स्वतःला नाही म्हटलेलं असतं.

मग करायचं काय, तर एक वही घ्या, फोनवर नको, कागदच घ्या. डाव्या बाजूला लहानपणापासून तुम्हाला जे जे म्हटलं गेलंय ते लिहा. माझ्या पानावर होतं: आळशी, धांदरट, वेंधळी, बेफिकीर, बेजबाबदार, 'डोकं आहे पण वापरत नाही', 'हिला कशाचं काही नाही', 'मनात आणलं तर करते बरोबर'. हे लिहिताना रडू आलं तर येऊ द्या, मला आलं होतं. आणि मग उजव्या बाजूला, प्रत्येक शब्दासमोर, एक खरा प्रसंग लिहायचा आणि त्यात नेमकं काय घडलं ते लिहायचं, जसं कॅमेऱ्याने टिपावं तसं, मत न देता.

माझं एक उदाहरण देते. 'बेजबाबदार' या शब्दासमोर मी एक फॉर्म लिहिला होता. दोन पानांचा फॉर्म, एक फोटो चिकटवायचा, एक सही, पाकिटात घालून पाठवायचा. तो टेबलावर सहा आठवडे पडून होता. मी रोज तो बघायचे, रोज पोटात गोळा यायचा, रात्री झोपताना आठवायचा, सकाळी उठल्यावर आठवायचा. शेवटची तारीख उलटून गेली तरी तो तिथेच. आता ज्याला खरंच पर्वा नाही त्याच्या पोटात सहा आठवडे रोज गोळा येईल का? मग उजवीकडे मी लिहिलं: फोटो कुठे ठेवलाय ते आठवत नव्हतं, फोटो शोधायला ड्रॉवर उघडला की दुसरंच काहीतरी हाती यायचं, दहा मिनिटं एका जागी बसून पाच छोट्या गोष्टी ओळीने करणं मला जमत नव्हतं. काम सुरू करणं, क्रम लावणं, मधेच भरकटलं तर परत येणं, वेळेचा अंदाज, याला डॉक्टर एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात आणि एडीएचडीत नेमकं तेच लंगडं असतं. कळतं पण वळत नाही असं आपण म्हणतो ना, ते इथे शब्दशः खरं आहे. लक्ष नसतं असंही नाही, आवडीच्या कामात चार-चार तास जागचे हलत नाही आपण, लक्ष कुठे लावायचं त्याचं स्टिअरिंग हातात राहत नाही.

हे सगळं डिप्रेशन असणाऱ्याने पण करावं, अँक्झायटी असणाऱ्याने पण. डाव्या बाजूचे शब्द बदलतील, 'रडकी', 'भित्रा', 'नाटकं करतो', 'कमजोर मनाचा'. पद्धत तीच. एका बैठकीत पूर्ण करायचा हट्ट धरू नका, मला तीन आठवडे लागले.

थोडी माहिती हाताशी ठेवा, वाद घालायला नव्हे, स्वतःला सावरायला

'हे सगळं आजकालचं फॅड आहे, आमच्या वेळी नव्हतं असलं काही.' हे तुम्ही ऐकलं असेल किंवा ऐकाल. तर १७९८ साली अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरने अशा माणसांचं वर्णन करून ठेवलंय ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली, त्यांनी बघितलेली मुलं वाचली की आजची एडीएचडीची मुलंच डोळ्यासमोर येतात. पण त्यांनी त्याला नाव काय दिलं, तर नैतिक संयमातला दोष. म्हणजे मुलाच्या नीतीतच खोट आहे असं. पुढे १९६८ मध्ये नाव बदललं, १९८० मध्ये परत बदललं, १९८७ मध्ये आजचं एडीएचडी हे नाव आलं. मला हा इतिहास वाचून फार हायसं वाटलं होतं, कारण माझ्या वहीतला 'बेजबाबदार' हा शब्द शाळेतल्या बाईंनी शोधून काढलेला नव्हता, तो शंभर वर्षांपासून चालत आलेला होता आणि डॉक्टरांनी तो केव्हाच टाकून दिला होता.

'आईबापाने वळण लावलं नाही' यावर एवढं पुरे की जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता ७४ टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे माणसामाणसांतला हा फरक बराचसा जनुकांमुळे असतो, उंचीसारखाच. २००७ मध्ये अमेरिकेत मुलांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन एक अभ्यास झाला, त्यात एडीएचडी असलेल्या मुलांचा मेंदूचा बाहेरचा थर सरासरी तीन वर्षं उशिरा तयार होताना दिसला, क्रम तोच, फक्त उशीर. वळण, शिस्त, घरातलं वातावरण याने त्रास कमीजास्त होतो हे खरं, पण त्याने एडीएचडी होत नाही.

'असं तर सगळ्यांनाच होतं' हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. किल्ल्या सगळेच विसरतात, बरोबर. पण निदान करताना डॉक्टर बघतात की लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का, घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी आहेत का, किमान सहा महिने टिकलीत का आणि त्यापायी आयुष्यात खरंच अडतंय का. बारा वर्षांची ही अट सुद्धा २०१३ पासूनची, त्याआधी ७ वर्षं होती. मुली यातून फार निसटतात कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, आणि गप्प बसणाऱ्या मुलीबद्दल कुणाची तक्रार नसते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, ही मला बरीच उशिरा कळली. 'हा मेंदूचा आजार आहे, माझा दोष नाही' एवढंच सांगून थांबलं तर ऐकणारा तुम्हाला दोष देणं थांबवतो हे खरं, पण त्याच्या मनात दुसरंच बसतं की मेंदूच बिघडलाय म्हणजे हा आता बरा होणार नाही. यावर अभ्यास झालेत आणि निष्कर्ष असाच आहे, दोष कमी होतो पण निराशा वाढते. म्हणून वाक्य अर्धं सोडायचं नाही. 'मेंदूचं आहे आणि उपचारांनी बराच फरक पडतो, माझा पडलाय, उदाहरणार्थ...' असं म्हणून एक खरं उदाहरण द्यायचंच.

पहिला माणूस निवडताना

माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा सांगितलं ते ऑफिसमध्ये, एका सहकारी मैत्रिणीला, जेवणाच्या सुट्टीत, भावनेच्या भरात. तिने मनापासून ऐकलं, हात धरला, सगळं चांगलं. आठवड्याभराने जे काम मला मिळणार होतं ते दुसऱ्याकडे गेलं आणि साहेब अगदी प्रेमाने म्हणाले की तुझ्यावर सध्या लोड नको, तू आधी तब्येत सांभाळ. कुणी वाईट बोललं नाही, कुणी हसलं नाही. पण त्या दिवसापासून माझी एखादी चूक झाली की ती चूक राहिली नाही, ती 'त्यामुळे' झाली. कलंक नेहमी शिव्या घालतच येतो असं नाही, काळजीचं रूप घेऊन पण येतो, आणि अशा वेळी रागावता पण येत नाही.

तेव्हा पहिला माणूस असा हवा ज्याच्या हातात तुमचा पगार, तुमचं लग्न, तुमचं घर यातलं काही नाही. आणि ज्याने आजवर दुसऱ्या कुणाचं गुपित तुमच्याजवळ फोडलेलं नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, जो दुसऱ्यांचं तुम्हाला सांगतो तो तुमचं दुसऱ्यांना सांगणारच. आधी अंदाज घ्या, कुणा प्रसिद्ध माणसाच्या डिप्रेशनची बातमी आली की विषय काढून बघा, समोरचा काय बोलतो त्यावरून पुष्कळ कळतं.

मी नंतर माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं, चालता चालता. समोरासमोर बसून नाही. शेजारी शेजारी चालताना किंवा गाडीत बसल्यावर अवघड गोष्टी सोप्या जातात, डोळ्यात बघावं लागत नाही, मधे शांतता आली तरी ती खुपत नाही. आणि चारच वाक्यं ठरवून गेले होते: मला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्या चालू आहेत आणि फरक पडतोय, तुला सांगितलं कारण लपवून मी दमलेय, तू काही करायला नको. शेवटचं वाक्य नक्की ठेवा. नाहीतर समोरच्याला वाटतं की आता आपण काहीतरी उपाय सुचवायला पाहिजे आणि मग ते जीवनसत्त्वं, पहाटे उठणं, मोबाईल बंद ठेवणं सुरू होतं. बहीण बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ताई, तू माझे वाढदिवस विसरायचीस ना, मला वाटायचं मी तुला आवडत नाही." त्या संध्याकाळी आम्ही घरी जायचं सोडून आणखी दोन चकरा मारल्या.

घरच्यांना सांगताना, विशेषतः आईवडिलांना

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

आईला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?" मी म्हटलं मानसोपचारतज्ज्ञांनी. थोडा वेळ गेला. मग, "तुला काय झालंय गं? एवढी शिकलीस, नोकरी करतेस, संसार करतेस. असलं आपल्यात कुणाला नाही. जरा वेळेवर झोप, वेळेवर ऊठ, सगळं ठीक होईल." मी चिडले. वीस मिनिटं मी तिला मेंदू, डोपामिन, जनुकं, स्कॅन सगळं ऐकवलं, जे काही वाचलं होतं ते सगळं एका दमात. आणि शेवटी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं ना. तू लहान असताना मी लक्ष दिलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आईवडील 'असं काही नसतं' म्हणतात तेव्हा दरवेळी ते आजाराला नाकारत नसतात, बरेचदा आपल्यावर येणारा आरोप नाकारत असतात. आणि आपण जितकं पुराव्यावर पुरावे देतो तितका तो आरोप पक्का होत जातो. जनुकांची गोष्ट तर दुधारी आहे, 'तुझ्याकडून आलं' असं ऐकू जातं त्यांना. म्हणून आधी हे सांगा की तुमचं काही चुकलेलं नाही, त्या काळी हे कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांना सुद्धा मोठ्या माणसांमधलं एडीएचडी ओळखायची सवय नव्हती. हे वाक्य सगळ्यात आधी, निदानाचं नाव त्यानंतर.

पहिल्याच फोनमध्ये पटवायचा प्रयत्न करू नका. सांगा, प्रश्न आला तर उत्तर द्या, विषय बदला. पुढच्या वेळी काढायचा तर एकच छोटी गोष्ट सांगा, जसं की या महिन्यात एकही बिल राहिलं नाही. तुम्ही बरे होताय हे त्यांना दिसलं पाहिजे, समजावून पटत नाही ते. माझ्या आईने पुढे तीन आठवडे तो विषयच काढला नाही आणि मग एका रविवारी बोलता बोलता मधेच विचारलं, "त्या गोळीने झोप लागते ना गं नीट?" बस, एवढंच. एडीएचडी हा शब्द तिने आजही उच्चारलेला नाही. मला त्याची आता गरजही वाटत नाही.

काही घरांत हे होणार नाही हेही खरं आहे. जिथे निदानाचा वापर भांडणात हत्यारासारखा होतो, 'तू तर वेडीच आहेस, तुझं कोण ऐकणार' असं, तिथे न सांगणं यात काहीही भित्रेपणा नाही. सांगणं हे कर्तव्य नाहीये, ते तुमच्या हातातलं आहे.

गोळ्यांबद्दल लोक बोलतात तेव्हा

'सवय लागेल', 'नंतर याशिवाय चालणार नाही', 'माणूस झोंबी होतो'. ही भीती हसण्यावारी नेऊ नका, कारण ती काही प्रमाणात आपल्याला स्वतःलाही असते.

एडीएचडीवर सर्वात जास्त वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झालं. लिअँड्रो पॅनिझॉन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्या बायकोचं लाडकं नाव रिटा, तिच्यावरून त्याचं रिटालिन झालं. म्हणजे ८० वर्षांचं जुनं औषध आहे, काल आलेलं नाही. त्याचे दुष्परिणाम आहेत, भूक मंदावते, झोप पुढे जाते, नाडी आणि ब्लड प्रेशर थोडं वाढू शकतं, म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमी डोसपासून वाढवत घेतात आणि दुसऱ्याची गोळी कधीही घ्यायची नसते. डोस बरोबर असला तर माणूस झोंबी होत नाही, तसं वाटत असेल तर डोस किंवा औषध बदलायला हवं असा त्याचा अर्थ, डॉक्टरांना सांगा. स्टिम्युलंट, म्हणजे मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक, नसलेली औषधं पण आहेत. डिप्रेशनच्या गोळ्यांचं वेगळं, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि कुणाच्या बोलण्यावरून त्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. लाजेपोटी मधेच औषध सोडणारे फार आहेत, आणि मग त्रास उलटला की लोक म्हणतात बघा, गोळ्यांनी काही झालं नाही.

अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण मी मनात धरून ठेवलंय. २०१६ च्या ऑलिम्पिकनंतर हॅकर्सनी खेळाडूंच्या वैद्यकीय नोंदी चोरून जगासमोर टाकल्या, त्यात तिचं एडीएचडीचं औषध उघड झालं. चार सुवर्णपदकं नुकतीच जिंकलेली मुलगी, १९ वर्षांची, औषध रीतसर परवानगीने घेतलेलं. तिने सरळ सांगितलं की हो, मला लहानपणापासून एडीएचडी आहे, औषध घेते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. जे आपण नळ सोडून लपवतो ते तिचं कुणीतरी चोरून सगळ्या जगाला दाखवलं, आणि तरीही तिने मान खाली घातली नाही. हे वाचलं त्यानंतरच्या आठवड्यात मी चष्म्याची डबी बाथरूममधून बाहेर आणली. ती बेसिनजवळच्या फळीवर ठेवायला मला आणखी एक महिना लागला, हेही सांगायला हवं.

ऑफिसमध्ये

नाव सांगण्याआधी गरज मागून बघा. 'मला एडीएचडी आहे म्हणून...' च्या ऐवजी 'तोंडी सांगितलेलं माझ्याकडून सुटतं, मिटिंगनंतर दोन ओळींचा मेल टाकाल का', 'सकाळचे दोन तास मला सलग मिळाले तर काम लवकर होईल'. बहुतेक ठिकाणी एवढ्याने भागतं. निदानाचं नाव तेव्हाच सांगा जेव्हा कायद्याने किंवा कंपनीच्या नियमाने त्यातून काही हक्क मिळणार असेल, आणि मग ते लेखी सांगा, तोंडी नको, आणि फक्त ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच.

जी गोष्ट मी चुकीची बोलले

एकदा घरातले सगळे जमले होते, तोवर मी बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलायला लागले होते. कुणीतरी विचारलं, मी सांगितलं, आणि वातावरण हलकं करायला पुढे म्हटलं, "म्हणजे वेडबिड काही नाही हां, फक्त एडीएचडी." सगळे हसले, मलाही सुटल्यासारखं झालं. माझा मावसभाऊ तिथेच बसला होता. त्याला बायपोलर, म्हणजे मूडचे टोकाचे चढउतार होणारा आजार, आहे, दोनदा हॉस्पिटलमध्ये राहून आलाय. तो उठून आतल्या खोलीत गेला. रात्री मी त्याला गाठलं तर एवढंच म्हणाला, "ताई, वेडबिड नाही म्हणालीस ना, ते कोणाला म्हणालीस?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्यावरची लाज उतरवायची आणि ती शेजारच्याच्या अंगावर टाकायची, हे आपण फार सहज करतो. एडीएचडीवाला म्हणतो मी डिप्रेशनवाला नाही, डिप्रेशनवाला म्हणतो मी स्किझोफ्रेनियावाला नाही, आणि सगळ्यात शेवटी जो उरतो त्याच्यावर सगळ्यांचं ओझं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकड्यांनुसार जगात दर आठातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, जवळपास ९७ कोटी माणसं. ज्यांना लोक 'धोकादायक' म्हणतात, त्या गंभीर आजाराच्या माणसांवर हिंसा होण्याची शक्यता त्यांनी हिंसा करण्यापेक्षा जास्त असते. म्हणून माझा एक नियम झालाय, स्वतःचं सांगताना कुणाच्या तरी वर उभं राहून सांगायचं नाही. 'मी तसली नाही' हे वाक्य तोंडात आलं की गिळायचं. आणि 'मूड बदलला, बायपोलर झालाय', 'मला घर नीटनेटकं लागतं, ओसीडीच आहे मला' असलं बोलणं आधी आपलं आपण थांबवायचं. दुसरा बोलला तर सगळ्यांसमोर त्याला पकडू नका, नंतर एकट्याला गाठून सांगा की माझ्या घरात एकाला हे आहे आणि ते ऐकून त्रास होतो. लोक सहसा ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यापायी जीव आटवू नका.

मावसभावाची मी माफी मागितली. आता तो आणि मी महिन्यातून एकदा बोलतो, औषधांबद्दल, झोपेबद्दल. कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ देशांतले ७२ अभ्यास एकत्र करून बघितले होते की लोकांचं मत नेमकं कशाने बदलतं. माहिती देण्याने बदलतं, पण मोठ्या माणसांच्या बाबतीत त्याहून जास्त बदलतं ते ज्याला आजार आहे त्या माणसाला भेटून, आणि व्हिडिओपेक्षा प्रत्यक्ष भेटून जास्त. माझं पण असंच झालं. बायपोलरबद्दल मी भरपूर वाचलं होतं, पण मत बदललं ते त्या एका प्रश्नाने.

कुणी तुम्हाला सांगितलं तर

गप्प बसा, आधी. मग विचारा, 'तुला माझ्याकडून काय हवंय, नुसतं ऐकू की काही करू?' 'पॉझिटिव्ह विचार कर', 'तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत' हे नको. 'दिसत तर नाही तुझ्याकडे बघून' हे सुद्धा नको, कौतुक म्हणून बोलतो आपण पण समोरच्याला तो अविश्वास वाटतो. दोन दिवसांनी स्वतःहून एक साधा मेसेज करा, हालहवाल विचारणारा, कारण सांगून झाल्यावरचे पहिले दोन दिवस फार वाईट जातात, सारखं वाटत राहतं की उगाच सांगितलं.

आणि बोलण्यातून जगण्याचा कंटाळा, मरणाचा विचार असं काही जाणवलं तर थेट विचारा, 'आत्महत्येचा विचार येतोय का?' असं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा इमर्जन्सी गाठा. अशा वेळी 'कुणाला सांगू नकोस' हे वचन पाळायचं नसतं.

पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना

बरेच जण सगळं वाचतात, पटतं, आणि अपॉइंटमेंटच घेत नाहीत. फोन करणं जड जात असेल तर दुसऱ्याला करायला सांगा, बहिणीला, मित्राला, त्यात काही कमीपणा नाही. जाताना ती वही न्या, उजवी बाजू डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते कारण त्यात प्रसंग आहेत. शाळेचे जुने रिपोर्ट असतील तर न्या, शेरे वाचण्यासारखे असतात. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणी बरोबर यायला तयार असेल तर उत्तम. एका डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्यांकडे जा, माझंही तसंच झालं होतं, पहिल्यांनी पाच मिनिटांत 'स्ट्रेस कमी करा' सांगून पाठवलं होतं आणि त्यानंतर मी दोन वर्षं घालवली. तुम्ही घालवू नका.

आणि वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी दिसलं, ज्याची सगळ्यांना भीती असते, तर फोनमध्ये तोंड खुपसू नका. ओळखीचं हसा, तेवढंच. ते पण तिथेच बसलेत, त्यांच्या पण पोटात तोच गोळा आहे. बाहेर पडल्यावर मात्र ते तुम्हाला तिथे दिसले होते हे कुणालाही सांगायचं नाही, घरच्यांना सुद्धा नाही.